काचेचं कौल आणि मातीचं कौल

कोकणातल्या जुन्या कौलारू घरात ओटीवर लख्ख उजेड असतो, माजघरात सावली, आणि चुलीपाशी भर दुपारीही काळोख. त्या काळोखात छपरातून उजेडाचा एक तिरपा पट्टा खाली उतरतो आणि चुलीचा धूर त्यात निळसर दिसतो. वर मान करून पाहिलं, की कळतं, शेकडो लाल कौलांमध्ये एकच कौल काचेचं बसवलेलं आहे. त्याचा आकार तोच आणि खाचा त्याच. शेजारच्या मातीच्या कौलात ते असं अडकलंय, की पावसाचा थेंब आत येत नाही.

वीट, कौल, मडकं, बरणी आणि काच या वस्तू आपण वेगवेगळ्या दुकानांतून आणतो, त्यामुळे त्यांचे धंदेही वेगळे वाटतात. पण भट्टीच्या बाजूने पाहिलं, तर हे एकच घराणं आहे. कच्चा माल जवळचा, इंधनाचा प्रश्न तोच, आणि कसबही तेच: आग किती चढवायची आणि कुठे थांबवायची. छपरातली ती दोन कौलं समजली, तर या उद्योगांचा दीडशे वर्षांचा इतिहास बराचसा समजतो.

सुरुवात दगडापासून करू. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही दोन खनिजं असतात. हजारो-लाखो वर्षं ऊन-पाऊस झेलून फेल्डस्पार कुजतं आणि त्याची चिकणमाती होते. क्वार्ट्झ मात्र कुजत नाही. त्याचे दाणे सुटतात, नदीबरोबर वाहत जातात आणि त्यांची वाळू होते. म्हणजे माती आणि वाळू ही एकाच दगडाची दोन लेकरं. मातीतून कौल होतं आणि वाळूतून काच.

चिकणमातीचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तो पापुद्र्यासारखा चपटा दिसतो. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं, की ते एकमेकांवरून घसरतात. म्हणूनच ओल्या मातीला बोट लावाल तसा आकार येतो आणि बोट काढलं तरी तो तसाच राहतो. वाळूच्या गोल दाण्यांना हे जमत नाही. ओल्या वाळूचा किल्ला वाळला, की ढासळतो.

आता ही माती भट्टीत घाला. १०० अंशांच्या आसपास मोकळं पाणी उडून जातं. ही पायरी घाईने ओलांडली, तर आत वाफ कोंडते आणि भांडं फुटतं. कुंभार मडकी सावलीत आठ-आठ दिवस का सुकवतो, याचं उत्तर इथे आहे. पुढे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणात रासायनिक रीतीने बांधलेलं पाणीही निघून जातं. ही वाट एकेरी आहे. वाळलेलं मडकं पाण्यात टाकलं तर त्याचा पुन्हा चिखल होतो, पण एकदा भाजलेल्या खापरीचा कधीच होत नाही. आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीची खापरं शेतात नांगराला लागतात ती याचमुळे.

८०० अंशांच्या पुढे खरी गंमत सुरू होते. मातीत थोडं पोटॅश, थोडा सोडा, थोडं लोह असतंच. त्यांच्यामुळे कणांच्या कडा किंचित वितळू लागतात आणि वितळलेला भाग थंड झाल्यावर दोन कणांना डिंकासारखा चिकटवून ठेवतो. हा डिंक म्हणजे चक्क काच. चांगल्या भाजलेल्या प्रत्येक विटेत थोडी काच असते आणि विटेची ताकद मुख्यतः तिच्यातूनच येते. गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकतो. खणखणीत आवाज आला, म्हणजे कण धरले गेलेत. बद्द आवाज आला, तर वीट कच्ची.

आपल्या घरातल्या वस्तू या हिशेबाने ओळीत लावता येतात. पाण्याचा माठ कमी आचेवर भाजतात, साधारण ७०० ते ८०० अंशांवर. त्याच्या अंगात छिद्रं राहायलाच हवीत, कारण त्यांतून पाणी झिरपतं, हवेत उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठ जास्त भाजला गेला, तर दिसायला छान होतो पण पाणी गार करत नाही. वीट आणि कौल साधारण ९०० ते १००० अंशांवर. त्याच्या वर लोणच्याची बरणी, १२०० अंशांच्या पुढची. तिची माती इतकी वितळून एकजीव होते, की मीठ आणि आंबट खार आत झिरपत नाही. तिच्यावरची झिलई म्हणजे पातळ काचेचा थरच. आणि सगळ्यात वर काच, जिथे माल पूर्ण वितळून पाक होतो.

वीटभट्टीवर कधी गेलात, तर खंगर मागून घ्या. भट्टीच्या पोटात, आगीच्या अगदी जवळ राहिल्याने अति भाजलेली, वाकडीतिकडी, काळपट वीट म्हणजे खंगर. बांधकामाला ती चालत नाही. पाया भरायला किंवा रस्त्यात टाकायला जाते. पण तिचा तुटलेला भाग उन्हात धरला, की चकाकतो. काच होण्याच्या वाटेवर ती वीट पुढे गेली आणि मध्येच थांबली. हे सगळं शास्त्र एका दगडात पाहायचं असेल, तर माझ्या मते खंगरासारखं दुसरं काही नाही.

दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपला काळा कातळ बेसॉल्ट आहे, ग्रॅनाइट नव्हे. त्यातून पांढरीशुभ्र वाळू मिळत नाही, आणि जी काळी माती मिळते, ती कापसाला सोन्यासारखी असली तरी विटेला अवघड. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, आणि भिंतीत बसल्यावर ओल लागली, की तो फुगून विटेचा कपचा उडवतो. म्हणून आपल्याकडचे वीटवाले नदीकाठचा गाळ शोधतात, मातीत राख मिसळतात. तरीही या मुलखाने विटेत मोठी कामं केली आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि आजही उभं आहे.

भट्टीचा प्रश्न मूळात इंधनाचा प्रश्न असतो. महाराष्ट्रात सर्रास दिसते ती भट्टी म्हणजे कच्च्या विटांची रास. थरांमध्ये कोळसा, तूस, बगॅस म्हणजे उसाची चिपाडं घालायची, बाहेरून चिखलाने लिंपायचं आणि खालून पेटवून द्यायचं. कित्येक दिवस ती आतल्या आत जळत राहते. खर्च कमी, बांधकाम शून्य. पण बाहेरच्या विटा कच्च्या राहतात, आतल्या खंगर होतात, आणि थंड होताना सगळी ऊब आकाशात जाते.

१८५८ साली फ्रेडरिक हॉफमन या जर्मन माणसाने यावर जे उत्तर काढलं, ते मला फार देखणं वाटतं. त्याने गोलाकार बोगदा बांधला आणि त्याचे कप्पे कल्पिले. विटा जागेवर ठेवायच्या आणि आग फिरवायची. आज या कप्प्यात आग असेल, तर उद्या पुढच्या. मागच्या कप्प्यातल्या तापलेल्या विटांवरून हवा येते, त्यांना गार करते, स्वतः गरम होते आणि आगीला जाऊन मिळते. आगीचा गरम धूर पुढच्या कप्प्यातल्या कच्च्या विटा सुकवत धुराड्याकडे जातो. काहीच वाया जात नाही. एकीकडून भाजलेला माल काढायचा, दुसरीकडून कच्चा भरायचा, आणि आग महिनोन्‌महिने फिरत राहायची. १८७६ साली बुल नावाच्या इंग्रज अभियंत्याने हीच युक्ती स्वस्तात उतरवली. त्याने छपराचा बोगदा सोडून जमिनीत खंदक खणला. उत्तर भारतात रेल्वेतून दिसणाऱ्या, मधोमध उंच धुराडं असलेल्या भट्ट्या या खंदकाच्याच वंशातल्या.

आता छपरातल्या लाल कौलाकडे वळू. मंगळूरला नेत्रावती नदीच्या काठी १८६५ साली बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने कौलांचा कारखाना काढला. त्यामागचा माणूस गेऑर्ग प्लेब्स्ट. मिशनला कारखान्याची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखं आहे. धर्म बदललेल्या माणसाला जातीतून काढलं जाई आणि जातीबरोबर त्याचा धंदाही जाई. त्याला काम द्यायचं, तर ते उभं करावं लागे. म्हणून विणकाम, छपाई आणि पुढे कौलं. आपल्या डोक्यावरचं छप्पर कुणाच्या तरी तुटलेल्या उपजीविकेतून आलंय, हे लक्षात राहावं असं वाटतं.

त्याआधी कोकणात आणि कारवार-गोव्याकडे कुंभाराची नळीची कौलं होती. चाकावर निमुळता नळा ओढायचा, ओला असतानाच उभा चिरून दोन तुकडे करायचे आणि भाजायचे. एक थर उताणा, त्यावर दुसरा पालथा. दिसायला सुंदर, पण दुहेरी थरामुळे वजन फार. कुठलंच कौल दुसऱ्याला धरून नसे. माकडं नाचली, वारा सुटला, की सरकत. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारणं आलंच.

मंगलोरी कौलाने हे बदललं. त्याचं मूळ फ्रान्समधल्या आल्सास भागात. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. कडेला खाच, दुसऱ्या कडेला तिच्यात बसणारी धार आणि मागे छपराच्या लाकडी रिपेला अडकणारं नाक. एकेरी थर पुरतो. कौल दोन ते तीन किलोंचं आणि १०० चौरस फुटांना अशी सुमारे दीडशे कौलं लागतात. पण खाच आणि धार एकमेकींत बसायची, तर प्रत्येक कौल अगदी सारखं हवं, आणि माती भाजताना आक्रसते. एका कौलाची माती जास्त ओली, दुसऱ्याची कमी, असं झालं तर दोन्ही वेगळ्या मापाची होतात. म्हणून माती एकसारखी मळायला यंत्र आलं, आकाराला लोखंडी साच्याचं दाबयंत्र आलं आणि आच सगळीकडे सारखी लागावी म्हणून हॉफमनची भट्टी आली. चाकावरचा कुंभार इथे कामगार झाला. कौल स्वस्त आणि टिकाऊ झालं हे खरं. पण गावोगावच्या कुंभारांचं छपराचं काम गेलं, हेही तितकंच खरं.

ही कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर आली. बंदरात उतरली, तिथून बैलगाडीने गावात. जुन्या घराचं कौल पालथं करून पाहा, बहुतेकांवर कारखान्याचं नाव आणि खूण उठवलेली असते. ती वाचता आली, तर घर कधी शाकारलं आणि माल कुठल्या बंदरातून आला, याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. कौलावरचं नाव बदललं की त्यामागे जगाचं राजकारण बदललेलं असतं, ते असं.

काचेची गोष्ट अधिक अवघड. शुद्ध वाळू वितळायला सुमारे १७०० अंश लागतात, आणि इतकी आच टिकवणं साध्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचं. तिच्यात सोडा घातला, की ती बऱ्याच कमी आचेवर वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. मग चुना घालायचा, तो तिला पाण्यापासून वाचवतो. बाटली आणि खिडकीच्या काचेत साधारण ७० ते ७४ टक्के वाळू, १३ ते १५ टक्के सोडा आणि १० टक्क्यांच्या आसपास चुना असतो. त्यात फुटक्या काचेचे तुकडे टाकले, की सगळं लवकर वितळतं आणि इंधन वाचतं. भंगारवाला बाटल्या नेतो, त्यांना म्हणूनच किंमत.

काचेचं कौल कडेने पाहिलं, तर हिरवट दिसतं. हा हिरवा रंग वाळूतल्या लोहाचा. शेजारच्या मातीच्या कौलाला लाल करतं तेही लोहच. एका ठिकाणी ते भरपूर हवा मिळून लाल झालं, दुसरीकडे वितळलेल्या काचेत विरघळून हिरवं. पांढरी काच हवी, तर अगदी कमी लोहाची वाळू शोधावी लागते. आपल्याकडे तशी वाळू सिंधुदुर्गात कणकवलीजवळ, कासार्डे भागात सापडते.

काच आपल्याला नवी नव्हती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर आणि नेवाशाला झालेल्या उत्खननांत मध्ययुगीन काचेच्या रंगीत बांगड्या मिळाल्या. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षित यांनी भारतीय काचेचा इतिहास लिहून काढला, तो अशाच तुकड्यांवरून. पण एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियातून आलेल्या स्वस्त बांगड्या, कंदिलाच्या परदेशी चिमण्या आणि बाटल्या यांपुढे देशी भट्ट्या टिकल्या नाहीत. बाईच्या हातातला चुडा परका झाला, आणि ही बोच स्वदेशीच्या काळात फार खोल लागली.

त्यातून तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग काढावा. टिळकांनी तिला पाठिंबा दिला. १९०८ साली, ज्या वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षी, कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सुरुवातीला तो सांभाळला आणि पुढे उत्तरेत बहजोईला स्वतःचा कारखाना काढला. तळेगावने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे माणसं घडवणं. इथे शिकलेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत पसरले. एकेका पैशातून उभारलेल्या त्या भट्टीने किती काच केली, यापेक्षा किती हात तयार केले, हे मला मोलाचं वाटतं.

हात का महत्त्वाचे, ते सांगतो. काच कारखान्यात सगळ्यात आधी कुंभार लागतो. ज्या मुशीत काच वितळते, ती अग्निमातीची, म्हणजे प्रचंड आच सोसणाऱ्या मातीची असते. ती हाताने थर देत रचतात आणि तडे जाऊ नयेत म्हणून महिनोन्‌महिने सुकवतात. भट्टीही अग्निविटांचीच. एकदा पेटलेली भट्टी विझवता येत नाही, कारण विझली तर काच गोठते आणि मूस तडकते. म्हणून रात्रपाळी, म्हणून सुट्टी नाही. फुंकनळीच्या टोकावर मधासारखा घट्ट गोळा घेऊन तो फिरवत, फुंकत राहायचं. तो थंड होण्याआधी काही क्षणच मिळतात. आणि वस्तू झाली, तरी काम संपत नाही. बाहेरचा थर आधी गार होऊन ताठरला आणि आतला मागून आक्रसला, तर काचेत ताण कोंडून राहतो आणि आठवड्याने ती आपोआप फुटते. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत हळूहळू निववावं लागतं.

कंदिलाची काच म्हणूनच कठीण. तापलेल्या चिमणीवर पावसाचा थेंब पडला, की तेवढीच जागा आक्रसते आणि काच तडकते. काच पातळ आणि सगळीकडे सारख्या जाडीची असेल, नीट निववलेली असेल, तर ती जास्त सोसते. ओगले बंधूंनी १९१६ साली कऱ्हाडजवळ काचेचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धाने परदेशी मालाची वाट अडवली होती आणि औंध संस्थानाचे राजे पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली. किर्लोस्करवाडीही त्यांच्याच आश्रयाने वसली होती. पुढे तिथे बनलेल्या ‘प्रभाकर’ कंदिलाला बंधूंनी वडिलांचं नाव दिलं. महाराष्ट्रातल्या किती ओट्यांवर, गोठ्यांत आणि परीक्षेच्या अभ्यासात हा कंदील जळला, याला गणती नाही. संध्याकाळी राखेने चिमणी पुसणं हे घरातल्या लहान मुलाचं काम असे, कारण त्याचाच हात आत जाई. वीज खेड्यांत पोचली, कंदिलाची गरज संपली आणि कारखानाही बंद झाला. ओगलेवाडी हे नाव मात्र राहिलं. कऱ्हाडचं रेल्वे स्थानक आहे ते तिथेच.

या उद्योगांचा वारसा जपायचा म्हणजे काय जपायचं? इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या एकेकाळी सुमारे दोन हजार होत्या. आता पन्नासच्याही आत उरल्या आहेत आणि त्या कायद्याने जपल्या जातात. आपल्याकडे धुराडं पडलं, की जागेचा भाव मोजला जातो. पण नुसतं धुराडं ठेवून भागणार नाही. साचे, वाळू-सोड्याची प्रमाणं लिहिलेल्या वह्या, रंगाचे नमुने, हजेरीपट, आणि कारखान्यामागचा कचऱ्याचा ढीगसुद्धा जपायला हवा. काय बिघडत होतं हे ढीगच सांगतो, विकला गेलेला माल नव्हे. आणि आच डोळ्यांनी ओळखणारी जी माणसं अजून हयात आहेत, त्यांच्याशी आज बोलायला हवं. भट्टीच्या तोंडाचा रंग लालावरून केशरी आणि केशरीवरून पिवळसर पांढरा कधी होतो, हे त्यांना तापमापकाशिवाय कळतं, आणि ते कुठल्याच वहीत नाही.

वीट तर अजून वारसा झालेलीच नाही, ती आजची आहे. ठाणे-पालघरकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. कच्च्या विटा रचून केलेल्या ज्या खोपटात ती राहतात, त्याला भोंगा म्हणतात. त्यांच्या मुलांसाठी भट्टीवरच भोंगाशाळा निघाल्या होत्या, कारण शाळेचं वर्ष आणि भट्टीचा हंगाम एकमेकांवर येतात. हॉफमनच्या भट्टीचं कौतुक करताना या मुलांची वही कोरी राहते, हे विसरून चालणार नाही. माती मळणारा, साचा मारणारा, वीट उलटवून सुकवणारा हात यांचाच आहे, आणि घराच्या दगडी पाटीवर त्यांचं नाव कधीच नसतं.

कोकणात जुनी घरं आता भराभर उतरतात. कौलं शेकड्याने मोजून विकली जातात. काही रिसॉर्टच्या छपरावर चढतात, काही वाटेला भराव म्हणून जातात. उतरवणारे गडी लाल कौलं वरून खाली हातोहात फेकत देतात. काचेच्या कौलापाशी आले, की हात थांबतो. ते एकजण स्वतः घेऊन शिडी उतरतो आणि गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवतो.